पाणचांदणीचा पत्ता

१

“आधी कुठे ते सांग. काय ते मग बघू.”

शेचाळीस वर्षं झाली, तरी हा आवाज पोस्टबाईंच्या कानात जसाच्या तसा होता. थोडा घोगरा, खडूची धूळ बसल्यासारखा. वर्गात कुणी मुठीत किडा आणो, पीस आणो नाहीतर वहीत दाबलेलं पान आणो, सर मूठ उघडायला सांगायचे नाहीत. आधी जागा विचारायचे. कुठल्या बांधावर, कुठल्या झाडाखाली, पाण्यापासून किती पावलांवर. जागा सांगता आली नाही, तर वस्तू कितीही देखणी असो, तिची रवानगी खिडकीबाहेर.

त्या आवाजाचं बोट धरूनच बाई पुढे पोस्टात लागल्या असं म्हटलं तरी चालेल. ज्यांचा पत्ता लागत नाही अशी पत्रं ज्या टेबलावर येत, त्या टेबलावर त्यांनी एकतीस वर्षं काढली. ओलीने फुटलेली शाई, अर्धे पत्ते, ‘विहिरीजवळच्या काकूंना’ एवढंच लिहिलेली पाकिटं, सगळी त्यांच्या हाताखालून घरी पोचली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी गावाच्या तोंडी नाव तेच राहिलं, पोस्टबाई.

मंगळवारी सकाळी डॉक्टरीणबाई घरातल्या सपाता घालूनच त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. दोघी एका बाकावरच्या. डॉक्टरीणबाईंचा श्वास लागला होता.

“चल,” त्या म्हणाल्या. “पाणचांदणी गेली.”

पाणचांदणी म्हणजे तीन पांढऱ्या पाकळ्यांचं एक पाणफूल. वाळून तपकिरी झालेलं, जाड कागदावर दोऱ्याच्या चार टाक्यांनी बसवलेलं. गावाचा बंद पडलेला बर्फाचा कारखाना डॉक्टरीणबाईंनी सहा वर्षं हातापाया पडून मिळवला होता, आणि तिथे गावाचं स्वतःचं निसर्ग संग्रहालय उभं राहत होतं. खाली सरांचा संग्रह, वर अभ्यासाच्या खोल्या, आणि मागच्या खिडकीतून दिसणारं पाणथळ, म्हणजे वर्षभर घोटाभर पाणी आणि कमरेएवढं गवत धरून बसलेली ती जुनी जमीन, अभ्यासकांसाठी कायमची राखलेली. पण पाणथळ अजून मिळायचं होतं. तिथे भराव टाकून बसगाड्यांचं आगार करायचं असं दुसरं म्हणणं होतं. गुरुवारी समिती येणार होती, आणि समितीपुढे ठेवायचा मोठा पुरावा हा एकच फुलाचा कागद. एवढं दुर्मीळ फूल इथे उगवत होतं, तर जागा राखलीच पाहिजे.

दारातच रंगवून ठेवलेल्या फलकावर त्या कागदाचा मोठा फोटो होता. कोपऱ्यातली चिठ्ठी हातभर झाली होती. ‘पाणचांदणी. पाणथळ, उत्तरेचा काठ.’ गोलगरगरीत, काळ्या शाईतलं अक्षर. ते अक्षर पोस्टबाईंचंच, चौदाव्या वर्षीचं. गेल्या आठवड्यात फलक लागला तेव्हा त्या मनातून जरा सुखावल्याही होत्या.

आत थंड खोलीत सरांचं जुनं कपाट उभं होतं. त्याचा सातवा खण बाहेर ओढलेला होता. सरांची रीत अशी, की ज्या वर्तमानपत्राच्या घडीत फूल दाबून वाळवलं, ती घडी फेकायची नाही. कागद त्याच घडीत जपायचा. कागदालाही आठवण असते, असं म्हणायचे.

पोस्टबाईंनी सातव्या खणातली घडी उघडली. आतला जाड कागद नव्हता. पण पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रावर तीन पाकळ्या, लांब देठ आणि बदामासारखं पान, सगळं तपकिरी डागाने जसंच्या तसं उमटलेलं होतं.

चोराने फूल नेलं होतं, आणि फुलाची सावली मागे ठेवली होती.

२

कारखान्याच्या किल्ल्या चौघांकडे. डॉक्टरीणबाई, सुतारदादा, शहरातून आलेला तरुण संशोधक, आणि सरांची धाकटी मुलगी, जिने सगळा संग्रह गावाला दिला. थोरली परदेशी गेली त्याला जमाना झाला, ही छप्पन्न वर्षांची झाली, केस पांढरे झाले, तरी गाव हिला ‘धाकटी’च म्हणे.

सोमवारी संध्याकाळी चौघं एकत्र बसले होते, आणि त्या बैठकीत एकच नवी गोष्ट निघाली होती. संशोधकाने सुचवलं होतं, की पाणचांदणीच्या पानाचा नखाएवढा तुकडा प्रयोगशाळेत धाडू. तिथे तो निरनिराळ्या तळ्यांतल्या झाडांशी ताडून बघतात, समितीपुढे बाजू आणखी पक्की होईल. सगळ्यांनी मान डोलावली होती. मंगळवारी सकाळी कागद नाहीसा.

“म्हणजे कुणाला तरी तो तुकडा जाऊ द्यायचा नव्हता,” पोस्टबाई म्हणाल्या.

“किंवा कुणाला आगार हवंय,” डॉक्टरीणबाई पुटपुटल्या, आणि त्यांची नजर नकळत सुतारदादाकडे गेली. भरावाचं काम सुतारदादाच्या जावयाला मिळणार, हे गावात लपलेलं नव्हतं.

सुतारदादा काचेच्या पेटीला पॉलिश करत होता. शाळेत दोघींच्या एक वर्ष पुढे. त्याने चिंधी खाली ठेवली नाही.

“जावई माझा आहे, हात माझे आहेत,” तो म्हणाला. “जावयाला भराव टाकायचा तर टाकू दे, मी चार महिने इथे फुकट घासतोय ते काय हाताला खाज येते म्हणून? आणि मला धरायचंच असेल तर दोघींनी तो खण बघून धरा.”

खण बघितला. ते कपाट सागाचं, शाळेतून उचलून आणलेलं. हवेत ओल आली की सातवा खण फुगायचा. सरळ ओढला तर हलायचा नाही. डाव्या कडीने वर उचलायचा, गुडघ्याने एक धक्का द्यायचा, मग लोण्यासारखा यायचा. हे शाळेतल्या मुलांनाच ठाऊक. भिंगवाला, म्हणजे संशोधक, ज्याच्या गळ्यात सदा एक भिंग लोंबकळे, त्याने महिन्यापूर्वी त्या खणाशी पट्टी घालून कुस्ती केली होती, आणि खणाच्या ओठावर चार ओरखडे काढून शेवटी सुतारदादालाच हाक मारली होती. ओरखडे तेवढेच चार होते, धूळ भरलेले. नवा एकही नव्हता.

“तुमची सुटका झाली,” पोस्टबाईंनी संशोधकाला सांगितलं. तो जरा नाराजच झाला. आपल्यावर पुरेसा संशय कुणी घेतला नाही असं त्याला वाटलं असावं.

डॉक्टरीणबाईंनी आपणहून कबूल केलं, की तपासणीचं ऐकून त्या धास्तावल्या होत्या. निकाल उलटा आला तर सहा वर्षं पाण्यात. “पण मी चोरीन का गं? मला तो खण उघडता येतो, हे खरं. डोंगरावरच्या वसतिगृहात राहून डॉक्टर झाले, आयुष्य शहरात काढता आलं असतं, ते सोडून इथे आले ती कशासाठी?”

धाकटी वरच्या खोलीत सरांच्या जुन्या वस्तू मांडत होती. चष्म्याचं घर, रबरी बूट, पानं दाबायच्या दोन लाकडी फळ्या आणि त्यांना आवळायचे चामड्याचे पट्टे. पोस्टबाईंना बघून तिने स्टूल पुढे केलं.

“बस ताई. तूच येणार हे वाटलंच होतं.”

ती फारशी घाबरलेली दिसली नाही, दमलेली दिसली. बोलणं हळूहळू मागे गेलं, जातंच. बाबा वर्गातल्या पोरांना तास न् तास देत आणि घरी आल्यावर मुकाट वाचत बसत, हे तिने हसत सांगितलं. सुट्टीत तिला मावशीकडे पाठवत. “मावशीकडे भर मे महिन्यात दोन पांघरुणं लागायची. तिथून परत आले की बाबा आधी माझे खिसे बघायचे, मग मला. वर्षातून तेवढा एकच दिवस, ताई. त्या दिवसासाठी मी सबंध सुट्टी खिसे भरत असे.”

खाली येताना पोस्टबाईंना कारखान्याच्या जाड भिंतींतला गारवा अंगाला लागला. त्या पुन्हा सातव्या खणापाशी गेल्या, ती रिकामी घडी उजेडात धरली, आणि एकतीस वर्षांच्या सवयीने आधी पाकीट बघावं तसा आधी वर्तमानपत्राचा माथा बघितला.

डोंगर आणि त्यामागून उगवणारा सूर्य. हे वर्तमानपत्र या गावाचं नव्हतंच.

३

दुपारभर त्यांनी तीनशे घड्या उघडल्या. सर आयुष्यभर एकच दैनिक घेत. दोनशे नव्व्याण्णव घड्या त्याच दैनिकाच्या होत्या. एकच घडी डोंगरावरच्या गावच्या साप्ताहिकाची, शेचाळीस वर्षांपूर्वीच्या मे महिन्याची.

कुणी म्हणालं असतं, रद्दी कुठूनही येते. पण पोस्टबाईंनी डागावरून बोट फिरवलं. वाळलेलं फूल कागदावर डाग पाडत नाही. देठात रस असतो तोवरच तो कागदात उतरतो. एक पाकळी डोंगराच्या चित्रावर पडली होती आणि तिथली छापील शाईही ओलीने पसरली होती. म्हणजे फूल या कागदात गेलं ते ताजं, तोडल्यावर तास-दोन तासांत. ज्या गावात ते साप्ताहिक हाताशी होतं, त्याच गावात.

पाणचांदणी पाणथळात कधी उगवलीच नव्हती.

बाई खुर्चीवर बसून राहिल्या. खिडकीबाहेर गवत वाऱ्याने एका अंगावर झोपत होतं. त्या गवतात त्यांनी लहानपणी चप्पल हरवली होती, बेडकांची अंडी बघितली होती, सरांच्या मागे ओळीने चालताना पोरांनी जुळवलेलं गाणं म्हटलं होतं.

पाण्यातली चांदणी, कुणाच्या अंगणी,
सांग तुझं गाव, मग सांग नाव गं.

सबंध वर्ग ते गात असे, आणि फूल नेमकं कुणी आणलं ते कुणालाच माहीत नव्हतं. कारण सरांची आणखी एक रीत. नोंदीत मुलाचं नाव लिहायचं नाही. सापडवणाऱ्याला मिरवू द्यायचं नाही, जागेला मिरवू द्यायचं.

डोंगरावर राहिलेल्या डॉक्टरीणबाई. पण त्या तिथे गेल्या सहा वर्षांनी. तो मे महिना त्या आणि पोस्टबाई शेजारशेजारच्या खाटांवर कांजिण्या खाजवत पडल्या होत्या. सुतारदादाने गाव सोडलंच नव्हतं, सुट्टी लागली की बापाच्या हाताखाली रंधा. आणि भर मे महिन्यात दोन पांघरुणं कुठे लागतात? सपाटीवर नाही.

कोण, ते कळलं. का, ते मात्र बसत नव्हतं. दहा वर्षांच्या पोरीने बापाला थाप मारली, त्याला शेचाळीस वर्षं झाली. त्यासाठी कुणी स्वतःच दिलेल्या संग्रहात चोरी करतं का? सांगून टाकलं असतं तर लोक हसले असते आणि विसरले असते.

सरांची मोठी नोंदवही काचेखाली ठेवली होती. बाईंनी काच उचलली, आणि त्या वर्षाच्या जून महिन्याचं पान काढलं. ओळीमागून ओळी काळ्याभोर शाईत. पाणचांदणीच्या ओळीवर मात्र त्यांचं बोट थांबलं.

फुलाचं नाव शाईत होतं. दिवस शाईत होता. ‘पाणथळ, उत्तरेचा काठ’ एवढंच पेन्सिलीत होतं.

४

बाईंनी सबंध वही चाळली. पेन्सिलीतल्या जागा थोड्या होत्या, चौदा. प्रत्येक जागा अशी, जी सरांनी स्वतः बघितली नव्हती, कुणा मुलाने सांगितली होती. त्यातल्या नऊ जागांवर नंतर कधीतरी, वेगळ्या पेनाने, शाई फिरवलेली. जाऊन बघून आल्यावर. पाच पेन्सिलीतच राहिल्या होत्या.

आता सरांचा तो दुसरा आवाज कानात आला. आडवा पडलेला, अर्ध्या तोंडाने बोलणारा. पाणचांदणीनंतर दोन वर्षांनी सरांचं उजवं अंग गेलं. चिठ्ठ्या लिहायच्या राहिल्या होत्या, तीनशे. वर्गात अक्षर चांगलं म्हणून त्या चौदा वर्षांच्या मुलीला बोलावलं होतं. ती सरांच्या घरच्या ओसरीवर बसून सुट्टीभर वहीवरून चिठ्ठ्या उतरवत होती, आणि आतल्या खोलीतून सर रोज एकच सांगत.

“जसं आहे तसं उतरव हं.”

तिने एक काना इकडचा तिकडे केला नाही. पेन्सिलीच्या जागा दिसल्या, तेव्हा तिला वाटलं, सरांच्या पेनातली शाई संपली असेल. तिने आपल्या नव्या पेनाने त्या काळ्या, गोल, ठसठशीत लिहिल्या. सरांनी त्या चिठ्ठ्या कधी बघितल्याच नाहीत. सहा आठवड्यांत ते गेले.

पत्ता चुकलेली हजारो पत्रं ज्या बाईने घरी पोचवली, तिने पहिला खोटा पत्ता स्वतःच्या हाताने लिहिला होता. आणि गेला आठवडाभर तो हातभर मोठा होऊन दारात लागला होता.

मग धाकटीचं ‘का’ आपोआप उलगडलं. तिने चिठ्ठ्या बघितल्या होत्या, वही नव्हे. वही इतकी वर्षं शाळेच्या तिजोरीत होती, आणि इथे आली ती थेट काचेखाली. तिला वाटत आलं होतं, की आपल्या थापेवर बाबांनी शाईने शिक्कामोर्तब केलं. आता तपासणी झाली असती तर थापाडी ती ठरली नसती. समितीपुढे, गावापुढे, पाणथळाचं मोठेपण वाढवायला खोटी जागा लिहिणारे सर ठरले असते.

५

बुधवारी सकाळी पोस्टबाईंनी चौघांना वरच्या खोलीत बसवलं. सुतारदादा म्हणाला, “पंचायत भरवलीस की काय?”

“चोर बाजूला राहू दे,” बाई म्हणाल्या. “आधी माझी चूक ऐका.”

त्यांनी वही उघडून टेबलावर ठेवली, शेजारी ती डोंगर-सूर्याची घडी. शाई कशाची आणि पेन्सिल कशाची ते सांगितलं. रसाचा डाग कसा पडतो ते सांगितलं. आणि मग स्वतःचं सांगितलं, ओसरीवरचं, नव्या पेनाचं. धाकटीचं नाव त्यांनी काढलं नाही. मावशीचंही नाही. फक्त शेवटी म्हणाल्या, “सरांनी ही जागा कधीच खरी मानली नाही. खोटीही म्हटली नाही. पेन्सिलीत ठेवून वाट बघितली. शाईचं पाप माझं.”

धाकटीने वही आपल्याकडे ओढली. ती ओळ नाकाशी नेऊन बघितली, चष्मा काढून पुन्हा बघितली. पेन्सिलीची ती फिकी रेघ तिने बोटाने चाचपली, जशी काही ती उठून दिसणार होती.

“त्यांना माहीत होतं?” ती म्हणाली.

“वर्तमानपत्राचा माथा त्यांना दिसला नसेल, असं तुला वाटतं?”

मग धाकटी उठली. मांडणीवरच्या त्या दोन लाकडी फळ्यांपाशी गेली, बापाच्या चामडी पट्ट्यांची बक्कलं सोडली, आणि फळ्यांमधून जाड कागद दोन्ही हातांच्या तळव्यांवर आडवा धरून आणला, सर शिकवत तसा. चार टाके, तीन पाकळ्या. एक कणही गळला नव्हता.

“बाहेर न्यायचा धीर नाही झाला,” ती म्हणाली. “त्यांच्याच फळ्यांत ठेवला.”

सुतारदादाने कपाळावर हात मारला. रोज त्या फळ्यांवरची धूळ तोच पुसत होता.

मग तिने मोडक्यातोडक्या वाक्यांत सांगितलं. त्या वर्षी सर रोज पाणथळाचंच बोलत. लोक त्याला डबकं म्हणतात याचं त्यांना फार लागे. तिला वाटलं, तिथलं म्हणून दिलं तर खिशाऐवजी ते तिच्याकडे बघतील. त्यांनी विचारलं, कुठे? ती म्हणाली, पाणथळात. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. पुढे ती रोज ठरवायची, आज सांगू. मग त्यांचं अंग गेलं, मग तेच गेले.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण त्यांचा चेहरा उतरला होता. उद्या समितीपुढे काय ठेवायचं, हे त्यांनी कुणालाच न विचारता विचारलं.

संशोधक केव्हापासून वहीत डोकं घालून बसला होता. भिंग डोळ्याला लावून ओठांनी काहीतरी मोजत होता.

“पाणथळाच्या दोनशे बारा नोंदी आहेत,” तो म्हणाला. “शाईतल्या. बेडूक, चतुर, गवतं, पाहुणे पक्षी, वीस वर्षांच्या. आपण सगळं या एका फुलाला टांगून बसलो होतो.” त्याने मान वर केली. “डॉक्टर, जो माणूस स्वतःच्या मुलीचं सांगणं पेन्सिलीत लिहितो, त्याची शाई कोण नाकारील? उद्या मी हीच ओळ आधी दाखवणार.”

“दाखव,” सुतारदादा म्हणाला. “आणि जावई आला तर त्यालाही दाखव. मी समोर बसवतो.”

डॉक्टरीणबाईंना हसू आलं की रडू, ते त्यांनाही कळलं नसावं. त्या खाली गेल्या, आणि थोड्या वेळाने दारातला फलक उतरवल्याचा आवाज आला.

पोस्टबाईंनी कागदावरची जुनी चिठ्ठी सुरीने अलगद सोडवली. आपलंच गोल अक्षर त्यांनी क्षणभर बघितलं आणि पर्समध्ये ठेवून दिलं. मग एक कोरी चिठ्ठी पुढे घेतली, टोक केलेली पेन्सिल घेतली, आणि धाकटीकडे न बघता, त्या घोगऱ्या आवाजाला जमेल तेवढी जागा करून देत विचारलं.

“आधी कुठे ते सांग.”

धाकटी खिडकीशी उभी होती. समोर गवत होतं, पाणी होतं, त्यात उतरलेलं आभाळ होतं. तिने फ्रॉकचे खिसे चाचपावेत तसे दोन्ही हात साडीवरून खाली फिरवले.

“मावशीच्या घरामागे,” ती म्हणाली. “तळ्याच्या तिसऱ्या पायरीवर, डाव्या हाताला. पाणी गुडघ्याएवढं होतं, बाबा.”